दिगू, कॉड्रायचं मी उन्हापुरतंच बोललो होतो

दिगू, भांडण अर्धवट सोडून उठून जायची तुझी खोड जुनीच. टपरीवर बोलणं जरा रंगात आलं की तू घड्याळ बघायचास, पिशवी काखोटीला मारायचास आणि "बापू, गाडी चुकंल, उद्या बोलू" म्हणून स्टेशनाकडं चालू लागायचास. दुसऱ्या दिवशी मी सगळे मुद्दे जुळवून यायचो, तर तुझ्या डोक्यात भलताच विषय असायचा. आताही तेच केलंस. फक्त आता उद्या बोलायची सोय ठेवली नाहीस.

शाळा सुटल्यावर पिंगळीच्या फलाटावर बाकावर बसलास, पिशवी मांडीवर घेतलीस आणि बसल्या जागी गेलास. लोकांना वाटलं, मास्तरला डुलकी लागली. परभणीची गाडी आली, थांबली, निघून गेली. मग फलाटावरच्या चहावाल्यानं येऊन खांदा हलवला. मी त्या वेळी सोनपेठच्या एसटीत ड्युटीवर होतो. खिडकीच्या जागेवरून दोन बाया भांडत होत्या आणि त्यांच्यात पडून मी घसा कोरडा करून घेत होतो. डेपोत उतरलो तर कंट्रोलरनं बाजूला घेतलं. मी म्हणालो, साहेब, असली चेष्टा करू नका. त्यानं मान खाली घातली, तेव्हा मला कळलं.

रडलो मी. डेपोत, खाकीतच, तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, चला बापूभाऊ, घरी सोडतो. मी म्हणालो, माझ्या घरी कशाला, त्याच्या घरी सोड. तुझ्या दारात माणसं जमली होती. वहिनी मला बघून उठल्या आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यांची यायची येळ झाली होती हो." तेव्हापासून मी ताटावरून तसाच उठतो. बायको म्हणते, जरा मन घट्ट करा. कुठलं मन आणि कसलं घट्ट.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मग भांडू कुणाशी? मला तुझ्याशीच बोलायचंय, आणि एकच विचारायचंय. जाताना तू मला त्यांच्यातलाच एक समजून गेलास का? ते म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. पण मला सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज तुला गाडी नाही, तेव्हा गुमान ऐकून घे.

ते कापड तू हैदराबादेहून आणलंस. सुट्टीत मास्तर लोकांचं काही शिबिर होतं तिकडं. बाकीचे बांगड्या घेऊन आले आणि तू कॉड्राय घेऊन आलास. कॉफीच्या रंगाचं, उभ्या रेघारेघांचं. एका बाजूनं हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरबरीत. आपल्या गल्लीतल्या शिंप्यानं तसलं कापड जन्मात कापलं नव्हतं. कापड पुरवायच्या नादात त्यानं एक बाही उलटी मांडून कापली. सूट शिवून झाला आणि बाहेर उजेडात आणला तर एक बाही गडद, एक फिक्की. शिंप्याचं तोंड उतरलं. दुसरा कुणी असता तर त्यानं गल्ली डोक्यावर घेतली असती. तू आरशासमोर उभा राहिलास, दोन्ही हात पुढं करून बघितलेस आणि म्हणालास, "एक हात उन्हात हाय, एक सावलीत. झकास झालंय." शिंप्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

मी तेव्हाच बोललो होतो, आठवतं? सगळ्यात पहिल्यांदा मीच बोललो होतो. "दिगू, ही परभणी हाय. इथं चैतात कुत्रं सावली सोडत न्हाई आन् तू गोधडी अंगावर घेऊन हिंडायलास." तू म्हणालास, "हैदराबादेत माणसं भर उन्हाळ्यात घालतात." मी म्हणालो, "हैदराबादेतली माणसं खुळी असतील." त्यावर तू चार दिवस मला मुद्दाम सूट घालून भेटलास. कपाळावरून घाम वाहायचा आणि तू म्हणायचास, "कसं गार वाटायलंय." असलं तुझं डोकं.

मग तो सूट एकट्याचा राहिलाच नाही. आपल्या गल्लीत दुसरा सूट होता कुणाकडं? लग्न ठरलं की नवरदेवाचा बाप आधी मांडववाल्याकडं जायचा आणि तिथून तुझ्याकडं यायचा. लग्न धोतरात होवो नाहीतर लेंग्यात, नवरीशेजारचा स्टुडिओतला फोटो सुटातच पाहिजे. टायची गाठ फक्त तुला बांधता यायची, म्हणून तुला स्टुडिओतही जावं लागायचं. जाड्या नवरदेवाला तू बटणं उघडी ठेवून उभा करायचास, वाळक्याला पाठीमागून पिना लावायचास. कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ओरडायचास, "हनुवटी वर, हसू नको, दात दिसायलेत." सूट परत आला की उलटा करून ओलं फडकं टाकून इस्त्री, मग ब्रश. वहिनी म्हणायच्या, माझ्या लुगड्याकडं एवढं लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.

तो सूट न घातलेला गल्लीतला तेव्हाचा एकच नवरदेव, तो मी. माझं लग्न ऐन मे महिन्यात. मी साफ सांगितलं, मला लग्नाच्या दिवशी घेरी येऊन पडायचं नाही. तू रुसलास. अक्षता टाकायला आलास पण जेवायला थांबला नाहीस. तुझ्या घरी ताट पाठवावं लागलं. हे नीट ध्यानात घे, दिगू. हे मिलिंदच्या लग्नाच्या आधीचं आहे. नानांच्या बोलण्याच्या तर किती तरी आधीचं. कॉड्राय आपल्या हवेत चालत नाही, हे मी तेव्हापासून म्हणतोय आणि ते उन्हापुरतंच म्हणतोय.

त्यानंतर नामांतराची वर्षं आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं म्हटलं आणि आपली माणसं अशी फिरली की ओळखू येईनात. रोजचे पासवाले लोक गाडीत एकमेकांकडं पाठ करून बसायला लागले. आज बंद, उद्या मोर्चा, परवा दगडफेक. एकदा सोनपेठहून निघताना काच फुटून माझ्या कपाळाला खोक पडली. गाड्या बंद, मी तिथंच दवाखान्यात पडलेला. दुसऱ्या दिवशी दारात तू उभा. कांद्याच्या ट्रकवर बसून आला होतास, अंगाला घमघमाट. मी म्हणालो, "तू कामून आलास? वाटेत काही झालं असतं म्हणजे?" तर म्हणालास, "तुझ्या कपाळाला टाके पडलेत, आता तू माझ्यापेक्षा देखणा दिसशील, ते बघायला आलो." त्याच ट्रकमध्ये मला घालून आणलंस. रस्ताभर माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही. मला वाटायचं, असलं बोलून दाखवलं की हलकं होतं. आता वाटतं, बोललो असतो तर काय बिघडलं असतं.

त्याच दिवसांत मिलिंदचं लग्न निघालं. पिंगळीच्या शाळेतला तुझा विद्यार्थी, रेल्वेत लागलेला, स्टेशनापलीकडच्या वस्तीत राहणारा. त्यानं सूट मागितला नव्हता, तूच देतो म्हणालास. टपरीवर मला सांगितलंस तेव्हा मी काय म्हणालो, ते मला शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "दे की. फक्त ऊन लय हाय, पोराला पाणी पाजून उभा कर." एवढंच म्हणालो. दुसरं काही म्हणालो नाही, माझ्या मनातही दुसरं काही नव्हतं. लग्नाला मी आलो नाही, कारण मला ड्युटी होती. खरंच होती, दिगू. बदली कुणी घेईना. मी कंट्रोलरच्या हाता-पाया पडलो, आणि हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगावं लागेल असं वाटलंच नाही.

सूट परत आला. तू तो नेहमीसारखा दारातल्या तारेवर टाकलास, ब्रश मारलास. येणारे जाणारे बघत होते. कुणी तोंडावर काही बोललं नाही. मग कोपऱ्यावरच्या नानांच्या धाकट्याचं लग्न ठरलं. थोरल्यानं तुझाच सूट घातला होता. त्या वेळी नाना स्वतः तुझ्याकडं येऊन बसले होते. ह्या वेळीही आले, चहा पिले आणि म्हणाले, "दिगंबर, आता कॉड्राय कोण घालतंय? पोरगं सफारी म्हणतंय." तू म्हणालास, "बरं, नाना." पुढच्या लग्नातही सफारी. त्याच्या पुढच्या लग्नात पोरगं उघड्या शर्टावर उभं राहिलं, टाय नाही, कोट नाही, पण तुझ्याकडं कुणी आलं नाही. कालपर्यंत ज्यांना कॉड्रायशिवाय नवरदेव नवरदेव वाटत नव्हता, त्या सगळ्यांची आवड एका लगनसराईत बदलली. फॅशन गेली म्हणे. परभणीला फॅशन येऊन पोचायला वर्षं लागतात, जायला मात्र एक लग्न पुरलं.

आणि मग टपरीवरचं ते. तू सूट घालूनच आला होतास, शाळेत झेंडावंदन होतं. बसलास आणि एकदम विचारलंस, "बापू, खरं सांग. हा सूट जुना झाला का?" मला वाटलं, आपली नेहमीची मस्करी सुरू झाली. मी नेहमीचंच बोललो. "जुना कशाला, पहिल्यापासूनच बाद हाय. परभणीत हे गोणपाट कुणी घालावं?" तू माझ्याकडं बघत राहिलास. म्हणालास, "नानाबी म्हणाले, बापूसुद्धा तेच म्हणतोय." मी म्हणालो, "मी तर कवाचा म्हणतोय." तू चहा संपवलास, बशी उपडी ठेवलीस आणि घड्याळ न बघताच उठलास.

त्या वेळी मला कळलंच नाही की आपण काय बोलत होतो. घरी जाऊन जेवताना कळलं, आणि घास हातातच राहिला. नाना माझं वाक्य घेऊन गल्लीभर फिरत होते. मी जे उन्हाबद्दल म्हणत होतो, ते त्यांनी मिलिंदच्या अंगाला लागलेला सूट नको, ह्या खऱ्या कारणावर पांघरूण घालायला वापरलं. दुसऱ्या दिवशी मी तुला सांगायला आलो तर तू विषयच येऊ दिला नाहीस. पावसाचं बोललास, परीक्षेचं बोललास, माझ्या पोरीला इंग्रजी कसं शिकवायचं ते बोललास. तिला शिकवलंसही, वर्षभर, आणि ती पास झाली तेव्हा माझ्या आधी तूच पेढे वाटलेस. वागण्यात कुठं काही कमी नाही. पण सुटाबद्दल मला परत कधी विचारलं नाहीस. झेंडावंदनाला तो घालून माझ्या दारावरून जायचास, मी ओट्यावर बसलेला असायचो, पूर्वीसारखं "कसं दिसतंय" म्हणून थांबत नव्हतास. हात वर करायचास आणि पुढं जायचास. मी म्हणायचो, जाऊ दे, कधीतरी बोलू. आपल्याला काय घाई होती.

तू गेल्यावर वहिनींनी मला एकच काम सांगितलं. तेरवीला पाटावर ठेवायला तुझा फोटो. म्हणाल्या, "भावजी, घरात ह्यांचा एक धड फोटो न्हाई." मला खरं वाटेना. शाळेचा ग्रुप फोटो काढला, त्यात तू मागच्या रांगेत, डोळे मिटलेले. मी म्हणालो, थांबा, गल्लीतल्या प्रत्येक लग्नात हा स्टुडिओत गेलाय, कुठंतरी सापडेल. घराघरांत गेलो. लोकांनी भिंतीवरच्या तसबिरी उतरवून दिल्या, ट्रंका उघडल्या. दिगू, प्रत्येक घरात तुझा कोट होता. नवरीच्या खुर्चीवर टेकलेली ती फिक्की बाही मी कुठंही ओळखली असती. जाड्याच्या अंगात, वाळक्याच्या अंगात, कुणाच्या गुडघ्यापर्यंत आलेला. आणि तू कुठंच नव्हतास. तू कॅमेऱ्याशेजारी उभा राहून हनुवटी वर, हनुवटी वर ओरडत होतास.

नानांनी स्वतः चष्मा लावून सगळे फोटो बघितले. म्हणाले, "लय भला माणूस हो. आपल्या थोरल्याची गाठ त्यानंच बांधली होती." डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. ते पाणी खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मला तिथं बसवेना, एवढंच.

शेवटी स्टेशन ओलांडून मिलिंदकडं गेलो. ऊन तर विचारू नको. त्यानं आधी पाणी दिलं, मग सरांचं कसं झालं ते विचारलं. त्याच्या भिंतीवर फोटो होता. लग्न पांढऱ्या कपड्यांत झालं होतं, पण फोटो सुटातला. नवरी, नवरा आणि नवऱ्याच्या शेजारी तू. साध्या पांढऱ्या शर्टात. मिलिंदनं तुझ्या खांद्यावर हात टाकलाय आणि तू तोंड भरून हसायलास, दात दिसायलेत.

मी विचारलं, "हा आत कसा आला?"

मिलिंद म्हणाला, "सर बाहेरच थांबले होते. मी म्हणलं, सर, तुमी आत या, तुमच्याबिगर फोटो काढायचा न्हाई. लय न्हाई न्हाई म्हणले. मंग मीच हात धरून आत वढलं."

मग तो आपणहून म्हणाला, "बापूभाऊ, एक सांगू का? माझ्या लग्नानंतर एकदा मी सरांना गाडीत विचारलं, सर, तुमचा सूट हल्ली कुणाच्या अंगावर दिसंना. सर म्हणले, अरे, त्याची फॅशन गेली आता. आता बघा, त्या सुटाला नावं ठेवणाऱ्याशी सर कायम भांडले. आन् माझ्यासमोर सोता तेच म्हणले. मला काय कळत न्हाई व्हय? पण सरांना वाईट वाटू ने म्हणून मीबी म्हणलं, व्हय सर, आता सफारीच चालतंय. दोघंबी खोटं बोललो आन् पुढच्या टेसनावर चहा पिलो."

मग मी माझंच दुखणं काढलं. म्हणालो, "मिलिंद, तुझ्या लग्नाला मी आलो न्हवतो, ध्यानात हाय का तुझ्या?"

"हाय की. सर म्हणले, बापूची ड्युटी हाय."

"दिगू असं म्हणाला?"

"व्हय. मी इचारायच्या आधीच म्हणले."

आता सांग. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण रूळ ओलांडता ओलांडता मी मधेच थांबलो. त्यानं विचारायच्या आधीच तू सांगितलंस. का सांगितलंस? तुला ते खरं वाटत होतं म्हणून? की त्याला फॅशनचं सांगितलंस तसंच हेही सांगितलंस, त्याला लागू नये म्हणून? तू खोटं बोलायचास ते फक्त दुसऱ्याच्या भल्यासाठी, आणि तुझं खरं कुठलं नि भल्याचं कुठलं हे ओळखायला मला कधी जमलं नाही. मी तिथंच एका दगडावर बसलो. गेटमन ओरडला, बाजूला व्हा, गाडी येतेय. मी बसूनच होतो. त्यानं येऊन दंड धरून उठवलं.

मिलिंदनं तसबीर भिंतीवरून काढून दिली होती. स्टुडिओवाल्यानं तुझा भाग मोठा करून द्यायचं कबूल केलं. म्हणाला, "खांद्यावर कुणाची तरी बाही येतेय, ती पुसून साफ करून देतो." मी वहिनींना विचारायला आलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "कामून पुसायची? असू द्या की कुणाचा तरी हात त्यांच्या खांद्यावर."

तेरवीला तो फोटो पाटावर मांडला. तू हसायलास, आणि खांद्यावर कॉड्रायची फिक्की बाही आणि हाताची बोटं. मिलिंद बायकोला घेऊन आला होता, पंगतीत बसला. गल्लीतल्या काही जणांची पोटं नेमकी तेव्हाच बिघडली. नुसतं पाणी पिऊन गेले. नाना फूल वाहायला वाकले, फोटो निरखून बघितला आणि म्हणाले, "कडंचं तेवढं कापून घेतलं असतं तर शोभलं असतं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "नाना, बाही वळकीचीच हाय की. तुमच्या घरात भिंतीवर हाय."

नानांनी फूल ठेवलं आणि जाऊन पंगतीच्या शेवटी बसले. जेवले का नाही, मी बघितलं नाही.

सगळे पांगल्यावर वहिनींनी आतून सूट आणला. कागदात गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास. म्हणाल्या, "भावजी, ह्यांचे कपडे कुणाकुणाला देऊन टाकले. हा कुणाला द्यावा कळंना. तुमी न्या." मी हात पुढं केला नाही. माझ्याच्यानं होईना. मी उंबऱ्यावर बसलो आणि विचारलं. एवढी वर्षं तुला विचारायला पाहिजे होतं ते वहिनींना विचारलं. म्हणालो, "वहिनी, माझ्याबद्दल त्याच्या मनात काही होतं का? सुटावरून? काही म्हणायचा का तो?"

त्यांनी जरा आठवून बघितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं. म्हणाल्या, "एकदा म्हणले होते. सूट घडी करत होते तवा. म्हणले, बापूला उन्हाचं कळतंय. माणसाचं कळतंय का, ते अजून बघायचंय."

अजून बघायचंय. म्हणजे तू ठरवलं नव्हतंस. दार लोटलं होतंस, पण कडी घातली नव्हतीस. तू वाट बघत होतास, दिगू, आणि मी रोज त्या ओट्यावर बसून तुझ्यासारखाच हात वर करत होतो. एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. टपरीवर, ओट्यावर, कुठंही. तू दारावरून जायचास तेव्हा उठून आडवं यायला पाहिजे होतं. तू अजून म्हणालास आणि मी त्या अजूनवर किती वर्षं काढली. आता मी कुणाला दाखवू? कुणाकडं जाऊन सांगू की बघ बाबा, मी त्यांच्यातला नव्हतो? मला उत्तर पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्याला मी स्वतः खांदा देऊन आलोय.

मी उठलो आणि तो कागद उलगडला. वहिनी म्हणाल्या, अहो भावजी, एवढ्या उन्हाचं कामून. मी शर्टावर कोट चढवला. काखेत आवळतो, पोटावर बटण लागत नाही, बाहीत हात जाता जात नाही. भर दुपार होती, पत्रे तापून कडकडत होते. तुझ्या दारातून निघून माझ्या दारापर्यंत गल्लीच्या मधोमध चालत गेलो. ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. नाना खिडकीत होते. पंगतीतून न जेवता गेलेले दारात उभे होते. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि मी सावकाश चालत होतो. हा सूट आता देखणा दिसतो का जुना, मला खरंच कळत नाही, दिगू. तू बघायचंय म्हणाला होतास. एक तू सोडून सगळ्यांनी बघितलं.